धूळ आणि डाग

जुनी वस्तु जीर्ण झाली म्हणजे तिचें काय करावें, या प्रश्नाला मनुष्यानें आजवर तीन उत्तरें दिलीं आहेत. कोणी ती टाकून देतो. कोणी ती आहे तशीच जपून ठेवतो. आणि कोणी ती दुरुस्त करून पुन्हां वापरांत आणतो. या तिसऱ्या मार्गाला आपल्याकडे ‘जीर्णोद्धार’ असा भारदस्त शब्द आहे. त्या शब्दांत ‘उद्धार’ आहे. त्यामुळें जीर्णोद्धार करणाराच्या हातून पुण्यच घडावयाचें, पाप घडण्याचा संभव नाहीं, अशी आपली सहज समजूत असते. देवालयाचा कळस नवा केला, घाटाच्या पायऱ्या बांधून काढल्या, विहिरीचा गाळ उपसला, कीं गांव त्या माणसाला दुवा देतें. परंतु जीर्ण झालेली वस्तु ही एखाद्या काळाची साक्ष असेल, तर? साक्षीदाराचे फाटके कपडे बदलावे, हें ठीक. पण त्याचे अडखळलेले शब्दहि आपण नीट करून द्यावे काय? हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे, आणि जुन्या चित्रपटांच्या निमित्तानें तो आज नव्यानें आपल्यापुढें उभा आहे.

अलीकडे चित्रपट-महोत्सवांत नव्या चित्रपटांच्या जोडीला एक निराळा कार्यक्रम ठेवण्याची प्रथा पडली आहे. चाळीस, साठ, शंभर वर्षांपूर्वींचे पट प्रयोगशाळेंत नेऊन, त्यांच्यावरील ओरखडे काढून, विटलेले रंग पूर्ववत् करून ते पुन्हां पडद्यावर आणतात. एस्टोनिया या चिमुकल्या देशाचे जुने लघुपट अशा रीतीनें नवें आयुष्य घेऊन प्रेक्षकांसमोर येत आहेत. एखादा पट पांच मिनिटांचा, एखादा वीस मिनिटांचा. तासा-दीडतासांत आठ-दहा पट होऊन जातात. पाहणारा ‘किती स्वच्छ दिसतें!’ असें म्हणून बाहेर पडतो. ही स्वच्छता कोठून आली, आणि ती कोठें थांबावयास हवी होती, हें त्याला कोणी सांगत नाहीं. आणि तोहि विचारीत नाहीं.

मोठ्या राष्ट्रांचे हजारों चित्रपट सोडून या लहानशा देशाचें उदाहरण घेण्याचें कारण आहे. एस्टोनियाची लोकसंख्या आज तेरा-चौदा लाखांच्या घरांत आहे. आपल्याकडील एखाद्या मोठ्या शहराचीहि याहून अधिक असते. बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील या प्रदेशांत शेंकडों वर्षें जमीन जर्मन सरदारांच्या हातीं होती, आणि अठराव्या शतकापासून राज्य रशियाच्या झारचें होतें. १९१८ सालीं देश स्वतंत्र झाला. १९४० सालीं सोव्हिएट रशियानें तो गिळला, १९४१ पासून १९४४ पर्यंत तो जर्मनीच्या टाचेखालीं होता, त्यानंतर पुन्हां सोव्हिएट सत्ता आली, आणि १९९१ सालीं स्वातंत्र्य परत मिळालें. ज्या समाजाचा भूतकाळ परक्यांनीं वारंवार आपल्या सोयीप्रमाणें लिहिला, त्याला भूतकाळाच्या दुरुस्तीचा प्रश्न आपल्याहून अधिक जिव्हारीं लागणारा आहे. जेथें चित्रपट थोडे, तेथें प्रत्येक पटाचा भार मोठा.

या देशाच्या चित्रपटकलेचा आरंभ टार्टू शहरच्या योहानेस पॅसुके या तरुण छायाचित्रकारानें केला. १९१२ सालीं उटोचकिन नांवाच्या रशियन वैमानिकानें टार्टूवरून विमान उडविलें, तें दृश्य त्यानें टिपून घेतलें. १९१३ सालीं तो देशाच्या आग्नेय कोपऱ्यांतील सेतो लोकांच्या मुलुखांत कॅमेरा घेऊन गेला. १९१४ सालीं त्यानें ‘पॅर्नू परगण्यांतील अस्वलाची शिकार’ हा लहानसा कथापट काढला. नांव अस्वलाचें असलें, तरी खरी शिकार होती ती जर्मन वरिष्ठ वर्गाच्या तोऱ्याची. पुढें महायुद्धांत पॅसुके सैन्यांत गेला, आणि १९१८ च्या जानेवारींत एका रेल्वे-अपघातांत वयाच्या पंचविसाव्या वर्षीं वारला. त्यानंतर अवघ्या कांहीं आठवड्यांनीं त्याच्या देशानें स्वातंत्र्य पुकारलें.

आतां ही फीत जीर्ण कशी होते, तें पाहूं. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपटाची फीत नायट्रेटची असे. ती अत्यंत ज्वालाग्राही. एकदां पेटली कीं पाण्यांतहि विझत नाहीं. आणि न पेटली तरी कालांतरानें चिकट होऊन तिची भुकटी होते. पुढें आलेली अॅसिटेटची फीत पेटत नाहीं, पण उष्ण व दमट हवेंत तिला शिर्क्यासारखा आंबट वास सुटतो, ती आकसते, वेडीवांकडी होते. रंगीत फितींचे रंग तर डब्यांत बंद असतांनाच उडून जातात. प्रथम निळा-हिरवा जातो आणि सारें चित्र तांबूस दिसूं लागतें. शिवाय प्रत्येक खेळाला यंत्राचे दांते फितीला ओरखडीत असतात. म्हणजे चित्रपट पाहणें हाच त्याला झिजविण्याचा एक मार्ग होता!

उद्धार करणारे कारागीर मूळ फीत हलक्या हातानें धुतात, फाटलेल्या कडा जोडतात, आणि एकेका चित्राची प्रतिमा संगणकांत घेतात. बोलपटांत सेकंदाला चोवीस चित्रें असतात. दहा मिनिटांच्या पटांत अशीं चौदा हजार चारशें चित्रें होतात. त्यांवरील धुळीचे कण, बुरशीचे ठिपके, उभे ओरखडे कांहीं यंत्रानें व कांहीं हातानें काढावे लागतात. मूकपटांच्या बाबतींत गतीचाहि प्रश्न असतो. ते बहुधा हातानें फिरविलेल्या कॅमेऱ्यानें, सेकंदाला सोळा-अठरा चित्रें या वेगानें घेतलेले असत. पुढच्या काळच्या वेगवान् यंत्रांवर ते चढविले म्हणजे माणसें टुणटुण उड्या मारीत चालतात, आणि आपल्याला वाटतें कीं जुन्या काळचीं माणसें अशींच हास्यास्पद होतीं. वेग दुरुस्त केला कीं तींच माणसें आपल्यासारखीं चालूं लागतात, आणि त्यांचा मनुष्यपणा त्यांना परत मिळतो. एवढ्यासाठीं जरी हें काम केलें, तरी तें सत्कृत्यच म्हणावें लागेल.

परंतु येथेंच पहिली शंका येते. युरोपांत एकोणिसाव्या शतकांत जुन्या देवालयांच्या जीर्णोद्धारावरून मोठा वाद माजला होता. फ्रान्समधील व्हिओले-ल-द्युक या वास्तुशास्त्रज्ञाचें मत असें कीं, इमारतीचा उद्धार करणें म्हणजे तिला परिपूर्ण अवस्थेंत आणणें. मग ती तशी पूर्वीं कधीं नसली तरी चालेल. इंग्लंडमधील रस्किनला हा विचार असह्य वाटे. त्याच्या मतें असा उद्धार म्हणजे इमारतीचा सर्वांत पुरा नाश, आणि वर खोटें बोलणें. मेलेल्याला उठवितां येत नाहीं, तशी गेलेली इमारतहि परत आणतां येत नाहीं. एकानें पूर्णता पाहिली, दुसऱ्यानें सत्य पाहिलें.

चित्रपटाला मात्र यांपैकीं कोणतेंहि मत जसेंच्या तसें लावतां येत नाहीं. देवालय एकच असतें. चित्रपटाला मूळ फीत असते, तिच्या प्रती असतात, आणि खरा चित्रपट यांपैकीं कशांतहि नसून पडद्यावर पडणाऱ्या प्रकाशांत असतो. रस्किनचें ऐकून फितीला हातच लावला नाहीं, तर तिची भुकटी होईल, आणि सत्य राखण्याच्या नांवाखालीं साक्षीदारच मरेल. १९३१ सालीं एस्टोनियांत ‘कुत्सु-युकू’ नांवाच्या कुत्र्याचा सुमारें चार मिनिटांचा एक पट निघाला. चित्रें काढून तीं हलतीं करण्याचा तो त्या देशांतील पहिला प्रयत्न. पुढें तो नाहींसाच झाला होता. १९८६ सालीं तो सांपडला, म्हणून आज आपण त्याविषयीं बोलूं शकतों. सांपडलेली फीत पुन्हां डब्यांत ठेवून ‘हिचा मृत्यु हीच हिची प्रामाणिकता’ असें म्हणणें, हें तत्त्वज्ञान नव्हे. ही निष्ठुरता आहे. उलट व्हिओले-ल-द्युकचें ऐकून जेथें चित्र तुटलें तेथें नवें काढून घातलें, तर जें दिसेल तें सुंदर असेल, पण तें १९३१ सालचें नसेल.

तेव्हां मर्यादा कोठें घालावी? आमच्या मतें तिचें सूत्र एका घरगुती भेदांत आहे: धूळ निराळी, आणि डाग निराळा. वस्तु निर्माण झाल्यानंतर काळानें व निष्काळजीपणानें तिच्यावर जें आणून टाकलें, ती धूळ. वस्तु जन्मली त्या क्षणींच तिच्या अंगांत जें होतें, तो डाग; मग तो कारागिराच्या कमी पडलेल्या हाताचा असो, त्याच्या दारिद्र्याचा असो, कीं त्याच्या काळाच्या लाजेचा असो. धूळ पुसण्याचा आपल्याला अधिकार आहे, किंबहुना तें कर्तव्य आहे. डाग पुसण्याचा अधिकार नाहीं. आपल्या घरांतील आजोबांच्या जुन्या तसबिरीची कांच पुसावी. पण तसबीर उतरवून, चित्रकाराकडून त्यांच्या फाटक्या उपरण्याच्या जागीं जरीचें उपरणें काढवून घेतलें, तर भिंतीवर जो राहतो तो आजोबा नव्हे. तो आपला अहंकार होय.

सूत्र सोपें, त्याचा अवलंब कठीण. आंद्रेस सॉट यानें १९६८ सालीं ‘मंगळाचीं ५११ उत्कृष्ट छायाचित्रें’ असें थट्टेचें नांव देऊन एक लघुपट काढला. त्यांत मंगळ नाहीं. उपाहारगृहांत बसलेल्या सामान्य लोकांचे, त्यांच्या नकळत टिपलेले चेहरे आहेत. कोणी कॉफी पीत आहे, कोणी वाट पाहत आहे, कोणी नुसतेंच शून्यांत पाहत आहे. आपल्याकडे कोणी पाहत असेल या भीतीनें जेथें माणसें चेहऱ्यावर पडदा ओढून वावरत, तेथें हा क्षणभर ढळलेला पडदा हेंच त्या पटाचें सर्वस्व. अशा चोरट्या चित्रणाला प्रकाश मिळेल तेवढाच घ्यावा लागतो. चित्र दाणेदार व अंधुक होतें. आजच्या यंत्राला तो दाणा सहज काढून टाकतां येतो आणि चेहरे तुळतुळीत करतां येतात. पण मग प्रेक्षकाला वाटेल कीं ही मंडळी सजवून, दिवे लावून बसविलेलीं आहेत. ज्याला यंत्र दोष समजतें, तोच तेथें सत्याचा पुरावा आहे.

दुसरें उदाहरण राइन रामात याच्या १९८३ सालच्या ‘नरक’ या पटाचें. एडुआर्ड वीराल्ट या श्रेष्ठ एस्टोनियन चित्रकारानें १९३० च्या सुमारास कोरलेल्या मुद्राचित्रांना त्यानें गति दिली. त्या चित्रांत केसासारख्या बारीक रेघांचें दाट जाळें आहे. ओरखडा शोधणाऱ्या यंत्राला ओरखडा आणि कलावंताची रेघ यांतला भेद स्वतः होऊन कळत नाहीं. माणसाची नजर जागी नसेल, तर वीराल्टची रेघहि धुळीबरोबर जाईल. प्रिट पॅर्न याच्या १९८७ सालच्या ‘गवतावरील न्याहारी’ या पटांत तर प्रश्न रंगाचा आहे. त्याची कल्पना कागदावर तयार असून कांहीं वर्षें तिला वरून परवानगी मिळाली नव्हती. चार सामान्य माणसें रांगांतून, कचेऱ्यांतून, कागदपत्रांतून धडपडत जातात, आणि शेवटीं क्षणभर फ्रेंच चित्रकार माने याच्या १८६३ सालच्या प्रख्यात चित्रांतील आकृतींसारखीं गवतावर बसतात. त्यांतील मळकट, करडें जग ही कलावंताची योजना आहे. पण त्या मळकटपणांत त्या काळच्या फितीचा वांटा किती, आणि नंतरच्या चाळीस वर्षांनीं आणलेला विटकेपणा किती? तिसरा काढावयाचा, आणि पहिले दोन राखावयाचे. हें तारतम्य नुसत्या कौशल्यानें येत नाहीं. ज्याला त्या रांगांत उभें राहणें म्हणजे काय, हें समजलें आहे, त्यालाच तें येतें. म्हणून जेथें कलावंत हयात असेल, तेथें त्याला जवळ बसवून विचारावें. आणि तरीहि सावध राहावें. कारण म्हाताऱ्या कलावंताला आपल्या तरुणपणच्या उणिवा झांकाव्याशा वाटणें अगदीं स्वाभाविक आहे.

आतां याहूनहि नाजूक डागाकडे वळूं. सोव्हिएट अमदानींत चित्रपट निघत ते सरकारी संस्थांतून, आणि महत्त्वाच्या संहितांना मॉस्कोपर्यंतची संमति लागे. त्यामुळें पुष्कळ पटांत, विशेषतः वार्तापटांत व माहितीपटांत, सत्तेला घातलेला नमस्कार आढळतो: एखादी घोषणा, एखादी तसबीर, कामगारांच्या सुखी जीवनाविषयीं एखादें गोड वाक्य. अशा पटाचा उद्धार करतांना स्वतंत्र देशांतील माणसाच्या मनांत काय येत असेल? हें वाक्य आपल्या माणसाकडून बळजबरीनें वदविलें गेलें. तें काढून टाकलें, तर त्याच्यावरील अन्याय तेवढा कमी होईल! हा मोह उदात्त आहे, म्हणूनच तो भयंकर आहे.

तो नाकारावयास हवा, असें आमचें स्पष्ट मत आहे. एक तर, तो नमस्कार नेहमींच बळजबरीचा होता, असें नाहीं. कोणी भीतीनें घातला, कोणी पोटासाठीं, कोणी खऱ्या श्रद्धेनें, आणि कोणी आंतून हंसत हंसत. तो पुसला कीं हे चौघेहि एका पंक्तीला बसतात. भिऊन वांकलेल्याचें दुःखहि पुसलें जातें आणि हौसेनें वांकलेल्याची जबाबदारीहि पुसली जाते. दुसरें असें कीं, जो समाज दुसऱ्यानें आपला इतिहास खोडला म्हणून तळमळला, त्यानेंच हातीं रबर आल्यावर खोडावयास सुरुवात केली, तर मूळ अन्याय करणाराची पद्धति बरोबर होती, फक्त हात चुकीचा होता, असें ठरेल. पारतंत्र्यांतून सुटलेल्या कोणत्याहि राष्ट्राला हा मोह सुटलेला नाहीं, आपल्यालाहि नाहीं. आजोबांच्या पत्रव्यवहारांतील साहेबाच्या स्तुतीचीं वाक्यें गाळून तो छापणारे नातू आपल्या समाजांतहि विरळ नाहींत.

आणि खोडण्याचा आणखी एक मुका प्रकार आहे. तो म्हणजे निवड. जेवढे जुने पट शिल्लक असतात, तेवढ्या सर्वांचा उद्धार होत नाहीं. पैसा व वेळ मोजका असतो. मग जे धीट, जे सुंदर, जे आपल्याला आज अभिमानास्पद वाटतात, त्यांचीच निवड होते. महोत्सवांत असे दहा पट ओळीनें पाहिले, म्हणजे परदेशांतील प्रेक्षकाला वाटतें कीं त्या देशांत त्या काळीं सर्वच कलावंत मनांतून बंडखोर होते. एकेका पटाला कोणी हात लावलेला नसतो. तरी सबंध काळाचा चेहरा पालटलेला असतो. म्हणून दहांत एक तरी पट लाज वाटावी असा दाखवावा, अशी आमची सूचना आहे. त्यानें बाकीच्या नवांचें मोल कमी होणार नाहीं. उलट त्यांचें धैर्य किती महाग होतें, हें तेव्हांच कळेल.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. चित्रपट पाहणारा करमणुकीसाठीं येतो. प्रत्येक चौकटीखालीं टीप लावून कोणी चित्र पाहूं शकत नाहीं. शंकांचें असें ओझें घातलें, तर कला मरेल, आणि उरेल तें पुराव्याचें दप्तर. यावर आमच्याच शहरांतील एका कामाची आठवण द्यावीशी वाटते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताची चिकित्सक आवृत्ति हातीं घेतली. १९२५ पासून डॉ. सुखठणकरांनीं तिला शास्त्रीय शिस्त लावून दिली, आणि १९६६ सालीं ती पुरी झाली. तेंहि काम जीर्णोद्धाराचेंच होतें. हस्तलिखितें शेंकडों, पाठ परस्परविरुद्ध. त्यांतून संपादकांनीं एक पाठ वर छापला, पण नाकारलेले पाठ फेंकून न देतां पानाच्या तळाशीं ठेवले; आणि जेथें आपला निर्णय निश्चित नाहीं, तेथें त्या अक्षरांखालीं एक नागमोडी रेघ ओढली. ज्याला कथा वाचावयाची आहे, तो वरचा पाठ वाचतो. ज्याला शंका आहे, तो खालीं पाहतो. त्या नागमोडी रेघेनें महाभारताची गोडी कमी झाली नाहीं. विद्वत्तेचें सारें शील त्या एका रेघेंत आहे.

चित्रपटाला तळटीप नाहीं, हें खरें. पण त्याची नागमोडी रेघ दुसरीकडे ओढतां येते. आरंभीं दोन ओळींची पाटी दाखवावी: कोणती फीत वापरली, काय दुरुस्त केलें, काय नव्यानें घातलें. मूळ फीत, ती कितीहि जीर्ण असो, टाकून देऊं नये. आणि जी दुरुस्ती केली, ती पुढच्या पिढीला मागें घेतां येईल अशीच असावी. कारण आपल्यानंतर आपल्याहून जाणते लोक जन्माला येणार आहेत, एवढा तरी विनय उद्धारकर्त्यापाशीं हवा. करमणुकीला येणारा ती पाटी विसरून जाईल, खुशाल विसरो. खोटें न बोलण्याचें आपलें कर्तव्य दुसऱ्यानें तें ऐकण्यावर अवलंबून नसतें.

पॅसुकेच्या १९१३ सालच्या सेतो पटाला हीच कसोटी लावून पाहूं. सेतो लोक त्यांच्या समूहगानाबद्दल प्रसिद्ध आहेत. ‘लेलो’ या नांवाच्या त्या गायनाला युनेस्कोनें २००९ सालीं मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. पण पट मुका आहे. ज्यांचें गाणें जगानें गौरविलें, ते लोक पडद्यावर केवळ दिसतात; ऐकूं कांहींच येत नाहीं. महोत्सवाच्या चालकाला साहजिकच वाटेल कीं आजच्या सेतो स्त्रियांचें गाणें त्या चित्रांना जोडावें. हें योग्य कीं अयोग्य? जोडण्यास हरकत नाहीं, असें आम्ही म्हणूं. मूकपट त्यांच्या काळींहि बहुधा वाद्यांच्या साथीनेंच दाखवीत. मात्र हा आवाज पणतींचा आहे, पणजींचा नव्हे, हें प्रेक्षकाला कळलें पाहिजे. आणि कांहीं क्षण तरी गाणें थांबवून ती शांतता तशीच राहूं द्यावी. त्या शांततेंतच काय हरपलें, हें समजतें.

कारण कितीहि केलें, तरी उद्धाराला एक अंतिम मर्यादा आहे. १९१४ सालच्या अस्वलाच्या शिकारीचें प्रत्येक चित्र स्वच्छ करतां येईल. पण तें पाहून पॅर्नूच्या परिसरांतील लोकांच्या पोटांतून जें हसें उसळलें असेल, तें परत आणतां येत नाहीं. ज्या सरदारांची ती थट्टा, तेच आज नाहींत. थिओडोर लुट्स यानें १९३१ सालीं रुहनू या एकाकी बेटावर माहितीपट काढला. तेथें पिढ्यान्‌पिढ्या स्वीडिश बोलणारे कोळी-शेतकरी राहत होते. १९४४ सालीं सोव्हिएट सेना येण्यापूर्वीं ते जवळजवळ सर्व स्वीडनला निघून गेले. लुट्स स्वतःहि देश सोडून अखेर ब्राझीलमध्यें गेला, आणि १९८० सालीं तेथेंच वारला. फीत स्वच्छ केली कीं बेट स्वच्छ दिसतें, माणसें स्पष्ट दिसतात. पण तें बेट सोडून त्यांना जावें लागलें, हें कोणत्याहि प्रयोगशाळेला दुरुस्त करतां येत नाहीं. चित्र जितकें निर्मळ, तितका तो वियोग अधिक टोंचतो.

आणि तो टोंचावा, हेंच बरें. जुना चित्रपट धूसर असतो, तेव्हां त्यांतील माणसें आपल्याला ‘गेल्या काळचीं’ वाटतात; त्यांच्या सुखदुःखांवरहि आपण काळाची धूळ पडूं देतों. धूळ निघाली म्हणजे तीं आपल्या शेजारीं येऊन बसतात, आणि त्यांचे डाग आपल्या डागांसारखे दिसूं लागतात. मग त्यांची कींव करतां येत नाहीं आणि त्यांना निकालांतहि काढतां येत नाहीं. त्यांना समजून घ्यावें लागतें. मागच्या पिढीचें आपल्यावर ऋण असतें, तें तिला सुंदर करून फिटत नाहीं. ती होती तशी तिला पुन्हां एकदां उजेडांत उभी करणें, आणि तिच्याकडे पाहतांना आपली नजर स्थिर ठेवणें, एवढेंच आपल्या हातांत आहे. पुढची पिढी आपलीं चित्रें स्वच्छ करावयास बसेल, तेव्हां तिनेंहि आपल्याशीं याच न्यायानें वागावें, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला त्यानंतरच येतो.